अर्जच केला नव्हता

परवा व्हॉट्सॲपवर एका प्रतिष्ठानाचं पत्रक आलं. राज्यस्तरीय गुणगौरव पुरस्कारांसाठी प्रस्ताव मागवण्यात येत आहेत. प्रस्ताव दोन प्रतींत, सोबत वर्तमानपत्रांतली कात्रणं, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि नोंदणी शुल्क. येण्याजाण्याचा खर्च ज्याचा त्याने करावा. म्हणजे गुण आमचे, खर्चही आमचाच. संस्था फक्त नारळ देणार.

सत्कार म्हटलं की मी काढता पाय घेतो, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. पण यातलं शेवटचं कलम मी दोनदा वाचलं. 'आपला अल्पपरिचय तृतीय पुरुषी लिहून द्यावा.' 'मी थोर आहे' असं लिहिताना कुणाचाही हात अडखळेल, पण 'ते थोर आहेत' लिहायला काय जातं? मग समारंभात निवेदिका तोच कागद आवाज चढवून वाचते, 'उत्तुंग व्यक्तिमत्त्व', 'अष्टपैलू', 'समाजऋण', आणि लेखक व्यासपीठावर मान खाली घालून संकोचल्याचा अभिनय करत बसतो. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी परिचयात 'प्रसिद्धीपराङ्मुख' असं लिहून दिलं होतं. वर निवेदिकेला तो शब्द नीट उच्चारता आला नाही म्हणून तिच्यावरच चिडले.

अशा वेळी मला कॅनडाच्या डॉना स्ट्रिकलंडबाई आठवतात. २०१८ साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही प्रयोगशाळेतल्या कामासाठी. स्त्रियांमध्ये मेरी क्युरी आणि मारिया गोपर्ट-मेयर यांच्यानंतर त्या तिसऱ्या. काम १९८५चं, अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातलं. बाई तेव्हा पीएच.डी. करत होत्या आणि मार्गदर्शक होते जेरार मुरू. लेसरचा क्षणभराचा झोत फार जोरदार केला, तर जोर वाढवणारं उपकरणच जळून जायचं. यांनी तो झोत १.४ किलोमीटर लांबीच्या काचतंतूतून सोडून आधी काळात लांबवला, मग वाढवला आणि शेवटी पुन्हा आवळला. वरात अरुंद बोळातून न्यायची तर माणसं एकेरी रांगेत सोडून चौकात पुन्हा गोळा करतात, तसं. डोळ्यांच्या लेसर शस्त्रक्रियेत आज हीच युक्ती वापरली जाते.

नोबेल जाहीर झालं त्या दिवशी बाई वॉटर्लू विद्यापीठात असोसिएट प्रोफेसर होत्या. जगभरचे पत्रकार खवळले: एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला बढती नाही? बाईंचं उत्तर सरळ होतं, मी कधी अर्जच केला नाही. त्यांच्याविषयी विकिपीडियावर लेखही नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात कुणीतरी लिहून पाठवला होता, पण पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून तो नाकारला गेला. थोडक्यात, कात्रणं कमी पडली.

आता कुणी म्हणेल, बाईमाणसाला अर्ज करावा लागतो हाच अन्याय. त्यात तथ्य आहे. त्या दिवसांत त्यावर रकानेच्या रकाने छापूनही आले. पण बाईंनी स्वतः कुणावर खापर फोडलं नाही, आणि मला भावलं ते हेच. वीसेक वर्षं एकाच विद्यापीठात काढायची, लेसरमध्ये रमायचं आणि बढतीचा कागद भरायची गरजच वाटू नये, असा माणूस आमच्याकडे भेटला तर त्याला वेड्यात काढतील. शेजारी येऊन सांगतील, अहो, निदान पेन्शनसाठी तरी भरा.

तो अर्ज बाईंनी अखेर भरला, नोबेल मिळाल्यावर, त्याच ऑक्टोबरात. विद्यापीठानं तो मंजूर केला.