झटपट बुद्धिबळ आणि आमची सत्तरी



मागे एकदा बुद्धिबळावर चार ओळी लिहिल्या होत्या. तेव्हापासून घरच्या आणि बाहेरच्या वाचकांकडून एकच प्रश्न येतोय : ऑनलाइन झटपट डावांमध्ये सुधारणा कशी करायची? विचारणाऱ्यांत भाचेकंपनी आहे, तशीच माझ्यासारखी सत्तरी ओलांडलेली मंडळीही आहेत. तरुणांचं उत्तर ठरलेलं असतं, "खेळत राहा हो, हजार डाव झाले की वेग आपोआप येतो."

मला हे पटत नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. झटपट डावात वेग कमवायचा नसतो, ओळख कमवायची असते. ओळख पक्की झाली की वेग तिच्या मागून येतो. आणि ओळख पक्की करायची तर झटपट डाव थोडे कमीच खेळावे लागतात.

हे एवढ्या आग्रहाने लिहायला कारण आहे. आमचे एक स्नेही आहेत, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर. समोरासमोर पट मांडला तर आमच्या नगरच्या कट्ट्यावर त्यांना हरवणारे फार थोडे. (जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण बोलताना आमच्या तोंडात अजून 'नगर'च येतं.) तर हे गृहस्थ रोज रात्री मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळतात आणि जिंकत आणलेले डाव घड्याळ संपल्यामुळे घालवतात. परवा म्हणाले, "गुरुजी, आता डोकं चालेनासं झालंय. ते ॲपच काढून टाकतो." त्यांच्या थोरल्या भावाला शेवटच्या वर्षांत घरची माणसंसुद्धा ओळखू येत नव्हती. त्यामुळे 'डोकं चालेनासं झालंय' या शब्दांमागे काय भीती आहे, ते मला कळलं. हरल्याचं त्यांना फारसं वाईट वाटत नव्हतं. आपलंही तसंच होणार, या धास्तीने ते खचले होते.

मी डॉक्टर नाही. स्मरणशक्तीची खरोखर शंका असेल तर डॉक्टरकडेच जावं, मोबाइलवरच्या खेळाकडून निदान करून घेऊ नये. पण शाळामास्तर असल्यामुळे साधा हिशेब मला मांडता येतो. तो त्यांना वहीत मांडून दाखवला, तोच इथे देतो.

एक डाव साधारण चाळीस चालींचा धरू. एका मिनिटाच्या डावात साठ सेकंद, म्हणजे एका चालीला दीड सेकंद. तीन मिनिटांच्या डावात एकशेऐंशी सेकंद, म्हणजे चालीला साडेचार सेकंद. आता १०+५ हा प्रकार घ्या. सुरुवातीला दहा मिनिटं मिळतात आणि प्रत्येक चालीनंतर घड्याळात पाच सेकंदांची भर पडते. चाळीस चालींत सहाशे अधिक दोनशे, एकूण आठशे सेकंद झाले. म्हणजे चालीला वीस सेकंद.

आता यात बोटाचा वेळ धरा. विचाराचा नव्हे, फक्त बोटाचा. आमच्या वयात चष्म्यातून घर नीट पाहून, थरथरतं बोट टेकवून मोहरा हलवायला सहज दोन सेकंद लागतात. चाळीस चालींत ऐंशी सेकंद झाले. एका मिनिटाच्या डावात एवढा वेळच नसतो, तो डाव पट मांडण्याआधीच हरलेला असतो. तीन मिनिटांच्या डावात जवळजवळ निम्मा वेळ बोटच खाऊन टाकतं. १०+५ मध्ये मात्र आठशेतले ऐंशी, म्हणजे फक्त दहावा हिस्सा जातो. समोरचा पंधरा वर्षांचा मुलगा अर्ध्या सेकंदात मोहरा हलवत असेल, तर तीन मिनिटांच्या डावात तो आमच्यापेक्षा पूर्ण एक मिनिट पुढे असतो, आणि त्यात बुद्धीचा काही संबंध नाही. घड्याळ संपून हरलेला डाव डोक्याविषयी फार थोडं सांगतो. बोटाविषयी पुष्कळ सांगतो.

म्हणून पहिला सल्ला : आपल्या वयाच्या माणसाने वाढीव सेकंदांचा डाव निवडावा. ही भर घालणाऱ्या घड्याळाची कल्पना बॉबी फिशरची. १९९२ साली स्पास्कीबरोबरच्या सामन्यात त्याने ते वापरलं, आणि आज मोठ्या स्पर्धांतही तीच पद्धत रूढ झाली आहे. तेव्हा ती घेण्यात कमीपणा काही नाही. दुसरं, मोहरा बोटाने ओढत नेऊ नये. आधी मोहऱ्यावर आणि मग जायच्या घरावर टेकवावं, म्हणजे हात कापला तरी वजीर भलत्याच घरात पडत नाही.

आता कोणी म्हणेल, झटपट बुद्धिबळ हे खरं बुद्धिबळच नव्हे, मग त्याच्या वाटेला जावंच कशाला? आमच्या पिढीत असं मानणारे बरेच आहेत. आम्ही खेळ शिकलो तो देवळाच्या ओवरीत, कापडी पटावर, देशी नियमांनी. प्यादं एकेकच घर चालायचं, राजाला एकदा घोड्यासारखी उडी मिळायची, आणि एक डाव दिवेलागणीपर्यंत चालायचा. घड्याळ फक्त भिंतीवर असायचं. तरीही मला हा आक्षेप मान्य नाही. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिलांच्या विश्वचषकाची अंतिम फेरी झाली. समोरासमोर दोन्ही भारतीय : नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख आणि अडतीस वर्षांची कोनेरू हम्पी. संथ गतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. निकाल लागला तो जलद डावांत. पहिला बरोबरीत गेला आणि दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. विश्वचषक तर मिळालाच, शिवाय त्याच विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली. ज्या डावांवर एवढं ठरतं त्यांना पोरखेळ कसं म्हणायचं?

पण दिव्याचं उदाहरण देऊन 'बघा, भराभर खेळा' असं सांगणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन, की त्या जलद डावांच्या मागे लहानपणापासूनच्या संथ, तासन्‌तास चालणाऱ्या डावांची शिदोरी होती. आपल्याच जिल्ह्यातला शार्दूल गागरे २०१६ साली ग्रँडमास्टर झाला, तोही एकेक मिनिटाचे डाव खेळून नव्हे. आणि वयाचं म्हणाल तर विश्वनाथन आनंदने २०१७ साली रियाधला जलद बुद्धिबळाचं जगज्जेतेपद जिंकलं तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. त्या खेळात हे वय आजोबांचंच! बोटांच्या चपळाईवर ते जिंकता आलं नसतं.

मग कशावर? इथे मला माझा पहिलीचा वर्ग आठवतो. नुकतं वाचायला शिकलेलं मूल 'क', 'म', 'ळ' अशी अक्षरं जुळवत जातं. चौथीतलं मूल 'कमळ' हा शब्द एका नजरेत वाचतं. त्याचे डोळे काही जास्त वेगाने फिरत नाहीत. त्याला अक्षरांऐवजी अख्खा शब्द दिसतो, इतकंच. त्याच मुलाला 'ळकम' लिहून दाखवा, पुन्हा अडखळेल.

बुद्धिबळात नेमकं हेच होतं, आणि ते तपासूनही पाहिलेलं आहे. आद्रियान द ग्रोट या डच मानसशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात हा विषय हाताळला आणि १९७३ साली अमेरिकेत चेस आणि सायमन या दोघांनी तो पुढे नेला. (हो, त्यातल्या एकाचं आडनावच चेस होतं!) खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवून झाकली, तर कसलेला खेळाडू ती जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा मांडतो, नवशिक्याला पाच-सहाच मोहरे आठवतात. पण तेच मोहरे पटावर कसेही विखरून ठेवले, की कसलेल्याची ती करामत जवळपास संपते. म्हणजे त्याची स्मरणशक्ती दैवी नसते. त्याला पटावर 'शब्द' दिसतात आणि आपण अजून अक्षरं जुळवत असतो.

हे शब्द कोणते? आपल्याच तीन प्याद्यांमागे कोंडलेला राजा आणि शेवटच्या ओळीत उतरलेला हत्ती. राजा आणि वजीर दोघांवर एकदम चालून जाणारा घोडा. मागे राजा असल्यामुळे जागचा हलू न शकणारा मोहरा. दोन हत्तींनी शिडीसारखी ओळीमागून ओळ बंद करत केलेली मात. असे शंभरेक शब्द पाठ झाले की साडेचार सेकंदसुद्धा पुरतात. नाही झाले तर साडेचार मिनिटंही कमीच पडतात.

ते पाठ कसे करायचे, हे आता थोडक्यात सांगतो. माझी शिस्त अशी आहे :

रोज सकाळी वीस मिनिटं कोडी सोडवायची. अवघड नव्हे, सोपी. एका चालीत मात, दोन चालींत मात, आणि तीच तीच पुन्हा. पाढे एकदा म्हणून येत नाहीत, तसंच हे. लिचेस नावाच्या संकेतस्थळावर प्रकारवार कोडी फुकट मिळतात, जाहिरातींचा त्रासही नाही.

सुरुवातीच्या चाली पांढऱ्याकडून एक आणि काळ्याकडून दोन प्रकारच्या ठरवून टाकायच्या. रोज नवी पद्धत पाहिली तर पहिल्या दहा चालींतच घड्याळ निम्मं होतं. किल्लेकोट मात्र लवकर करावा. भुईकोटाच्या गावात राहणाऱ्याला तटबंदीचं महत्त्व मी काय सांगणार? १५९५ साली चांदबीबीने याच तटाआडून मुघलांना थोपवलं होतं.

शेवटाकडे लक्ष द्यायचं. एक राजा आणि एक प्यादं उरलं असताना दोन राजे समोरासमोर, मधे एकच घर सोडून उभे राहिले तर ज्याची चाल असेल त्याला वाट सोडावी लागते. एवढं एक सूत्र हाताशी असेल तर शेवटच्या वीस सेकंदांत विचार करावा लागत नाही, हात आपोआप चालतो.

चाल करण्याआधी मनात तीन शब्द : शह, मार, धमकी. समोरच्याला यातलं काय करता येतं, ते पाहायचं. दोन सेकंद लागतात, आणि वजीर फुकट जायचा थांबतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : डाव संपला की लगेच 'पुन्हा खेळा' दाबायचं नाही. आधी तो डाव मागे नेऊन पाहायचा. माझ्याकडे एक शंभर पानी वही आहे. प्रत्येक डावाची एकच ओळ तिच्यात जाते : डाव कुठे फिरला. यंत्राचा सल्ला त्यानंतर. आधीच उत्तर पाहून गणित सोडवणारा मुलगा परीक्षेत काय करतो, ते मी तीस-पस्तीस वर्षं पाहिलंय.

दिवसाला तीन डाव पुरेत. लागोपाठ दोन हरले की उठायचं, पाणी प्यायचं, अंगणात दोन चकरा मारायच्या. पराभवानंतर 'एकच शेवटचा' म्हणून खेळलेला डाव बुद्धिबळाचा नसतो, रागाचा असतो. गुणांकाचंही तेच. तो तापमापकासारखा आहे. दर तासाला काखेत लावून ताप उतरत नाही. शिवाय एका संकेतस्थळावरचा आकडा दुसऱ्यावर लागू पडत नाही, तेव्हा भाच्यापुतण्यांशी त्यावरून वाद घालू नयेत :-)

भाच्यापुतण्यांवरून आठवलं. त्यांच्या मुलांच्या आईवडिलांना एक विनंती. 'मोबाइलवर असला तरी बुद्धिबळच खेळतोय ना' म्हणून निश्चिंत राहू नका. रात्री अकराला एकेक मिनिटाचे तीस डाव खेळणारं मूल विचार करायला शिकत नाही, विचार टाळायला शिकतं. त्याला रविवारी लाकडी पट मांडून द्या, समोर आजोबांना बसवा आणि घड्याळ आत ठेवून द्या. मग आठवडाभर जलद डाव खेळला तरी माझी हरकत नाही.

पुन्हा आमच्या स्नेह्यांकडे येतो. वय वाढलं की हात मंदावतो, नजर मंदावते, नवी गोष्ट मनात उतरायला वेळ लागतो. हे खरं आहे आणि ते नाकारून उपयोग नाही. पण एकदा ओळखीची झालेली गोष्ट इतक्या सहज पुसली जात नाही. पन्नास वर्षांपूर्वीचे विद्यार्थी रस्त्यात भेटतात. नाव आठवायला वेळ लागतो, पण चेहरा पाहताक्षणी कळतं की हा आपला. पटावरचे शब्दही तसेच आहेत, सत्तरीतही जोडता येतात, फक्त जरा सावकाश.

त्या मित्राला मी १०+५ लावून दिलंय आणि एक कोरी वही दिलीय. तो जिंकेलच असं मी म्हणालो नाही, म्हणणारही नाही. यापुढे हरला तर पटावर हरेल, आणि कुठे हरला ते त्याला वहीत लिहिता येईल, इतकंच.

तुमच्या घरात, ओळखीत असं कोणी असेल तर त्यांनाही हा चाळीस चालींचा हिशेब दाखवा. आणि तुमचा अनुभव वेगळा असेल तर जरूर कळवा. माझं मत म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे.