टेबलाखालचा जुना डबा

मंडळी, टीव्हीच्या टेबलाखाली जुना सेट टॉप बॉक्स धूळ खात पडलाय ना? बहुतेकदा डबा धडधाकट असतो, आपण फक्त कंपनी बदललेली असते.

मोबाईलचं बघा. हँडसेट एकाचा, सिम दुसऱ्याचं, तरी फोन लागतो. कारण सगळ्यांनी एकच तांत्रिक मानक पाळलंय. डीटीएचमध्ये मात्र प्रत्येक कंपनी आपल्या वाहिन्यांना स्वतःचं कुलूप लावते आणि किल्ली फक्त आपल्याच डब्यात ठेवते.

खरं तर एका कंपनीचा डबा दुसरीकडे चालावा, ही अट डीटीएचच्या परवान्यातच आहे. पण डब्याला एक खाच ठेवली की झाली अटपूर्ती! त्या खाचेत घालायचं मॉड्यूल सामान्य ग्राहकाला परवडत नाही, हे कोण बघतो? 'ट्राय'ने एप्रिल २०२० मध्ये पुन्हा तशीच शिफारस केली. डबे अजून टेबलाखालीच.

माझं म्हणणं सोपं आहे. खाच मोजू नका. एका कंपनीचा डबा दुसरीच्या छत्रीला जोडा, चित्र दिसलं तरच शिक्का मारा. २४ डिसेंबरला ग्राहक दिनाची भाषणं होतील, तेव्हा साहेबांना एवढंच विचारा: असा डबा कुणी जोडून बघितलाय का?