घुबडाचं घड्याळ

रविवारची रात्र, दीड वाजलाय. सकाळी साडेनऊला स्टँडअप, आणि मी इथे टंकत बसलोय. आईच्या मते ही 'थेरं', मॅनेजरच्या मते 'शिस्तीचा अभाव' (अप्रेझलमध्ये तसंच लिहिलंय!). पस्तिशीत एडीएचडीचं निदान होईपर्यंत मलाही तेच वाटायचं.

आता वाटत नाही. एडीएचडी असलेल्या बऱ्याच प्रौढांचं शरीरातलं घड्याळच मागे पडलेलं असतं. रात्र झाली की मेंदूत मेलाटोनिन वाढायला लागतं, ते आमच्यात तास-दीड तास उशिरा. मग 'दहाला लाइट बंद कर' या सल्ल्याने काय होणार? अंधारात पडून मी मनातल्या मनात कोड डीबग करतो, इतकंच.

नेदरलँड्समधल्या २०२१ च्या एका चाचणीत अर्ध्या मिलिग्रॅम मेलाटोनिनने हे घड्याळ जवळजवळ दीड तास अलीकडे आलं, एडीएचडीची लक्षणंही थोडी घटली. गोळी बंद केल्यावर मात्र दोन आठवड्यांत येरे माझ्या मागल्या! (आणि हो, डॉक्टरांना न विचारता उगाच सुरू करू नका.)

पण मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. रात्री दोनला प्रॉडक्शन कोसळलं की पहिला फोन मलाच. तेव्हा मी 'डेडिकेटेड', आणि सकाळी दहाला पोचलो की बेशिस्त. एकाच घड्याळाचे हे दोन हिशेब कसे? स्टँडअप अकराला ठेवला तर कंपनीचं काय बिघडतं?

सकाळी मॅनेजरला विचारणारच आहे. त्यासाठी आधी साडेनऊला पोचायला हवं :-)