होडीला दोन महिने, पोराला दोन दिवस

जून लागला की आमच्या वर्सोवा कोळीवाड्यातल्या मासे वाळवायच्या वलांड्या रिकाम्या होतात, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. या दोन महिन्यांत आमचे पुरुष होडीची फळी न् फळी ठोकून बघतात, इंजिन खोलतात, जाळी शिवत बसतात. तयारीशिवाय होडी दर्यात लोटणाऱ्याला कोळीवाडा वेडा म्हणेल.

त्याच घरातलं पोर मात्र जूनच्या मध्यावर शाळेत लोटलं जातं. तयारी काय, तर आदल्या शनिवारी अंधेरी स्टेशनबाहेरून छत्री, दप्तर आणि डबा आणायचा, वह्यांना कव्हरं घालायची. झालं.

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, बहुतेक पहिलीलाच. पहिल्या दिवशी रडणारी मुलं सगळ्यांना दिसतात. मला घोर लागायचा तो गप्प बसणाऱ्यांचा. एक मुलगा तीन दिवस पाण्याला शिवला नाही. मला वाटलं, काय शहाणं पोर आहे! चौथ्या दिवशी बाकावरच त्याची चड्डी ओली झाली, तेव्हा कळलं. संडास कुठे आहे ते त्याला ठाऊक नव्हतं आणि ‘बाई, जाऊ का?’ विचारायची भीती वाटत होती. चूक माझी होती. मी हजेरी घेतली, फळ्यावर स्वागत लिहिलं, पण संडास दाखवला नाही. पुढच्या वर्षीपासून माझा पहिला धडा तोच.

घरात आपण भीती घालवायची सोडून उलट ती वाढवतो. सुट्टीभर पोराला दम देतो, ‘थांब, शाळा उघडू दे, बाई सरळ करतील तुला.’ इतके दिवस ज्या बाईंचा बागुलबुवा दाखवला, त्यांच्याकडे ते पोर विश्वासानं कसं जाणार?

सरकारला या तयारीची गरज उमगलेली नाही असं नाही. २०२२ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळांत शाळापूर्व तयारी मेळावे होतात. अक्षर-अंकांसोबत तिथे मुलाचा सामाजिक आणि भावनिक विकासही पाहतात, आयांना मार्गदर्शन करतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, असा आदेश निघाला. कारण मुलांची झोप होत नाही. पण घरात रात्री बारापर्यंत पोराच्या हातात मोबाइल असेल, तर नऊची शाळाही त्याला पहाटेचीच वाटणार. आणि पाचवीत किंवा आठवीत शाळा बदलणाऱ्या पोरांसाठी मेळावा कोण भरवतो? त्यांनाही भीती वाटते, फक्त ती सांगायची लाज वाटते.

‘आमच्या वेळी कुठे होते असले लाड?’ असं कुणी म्हणेल. तेव्हा आमच्या गल्लीतली दहा पोरं एका घोळक्यानं एकाच शाळेत जायची. मोठी लहानांना सगळं दाखवायची. तीच आमची मनाची तयारी होती. आता शेजारच्या दोन घरांतली पोरं दोन शाळांत आणि दोन व्हॅनमधून जातात.

म्हणून सांगते, आठवडाभर आधीपासून रोज पंधरा मिनिटं लवकर झोपवा. शाळेच्या वाटेनं एक फेरी मारून या. बाईंना विचारायचं एक वाक्य घरी म्हणवून घ्या. घरी आल्यावर ‘काय शिकवलं?’ च्या आधी ‘डबा कुणाबरोबर खाल्लास?’ विचारा. महिना उलटला तरी सकाळी शाळेच्या वेळी पोराचं पोट दुखतच असेल, तर दटावू नका, आधी वर्गशिक्षकांशी बोला. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मानसिक आरोग्याबद्दल फुकट सल्ला मिळतो. तिथे फोन करण्यात कमीपणा नाही.

शेवटचं सांगणं आमच्या कोळीवाड्यातल्या बापांना. एरवी पोर उठतं तेव्हा तुम्ही दर्यात असता. वर्षातून एकदाच असं होतं, की शाळा उघडते आणि तुम्ही घरी असता. शेजारच्या यारी रोडच्या इमारतींतल्या बापांना त्यासाठी रजा टाकावी लागते, तुम्हाला ती बंदीनं दिली आहे. तासभर जाळं बाजूला ठेवा आणि पोराचं बोट धरून शाळेच्या फाटकापर्यंत चालत जा. १ ऑगस्टपासून ही सकाळ तुमच्या हाती नसेल.