दोन वैऱ्यांची दिलजमाई

अमेरिकेत बंदूक म्हणजे एकाला घटनेनं दिलेला हक्क, तर दुसऱ्याला शाळेत गेलेल्या लेकरांचा घोर. यांचं जमायचं कसं? पण दोघांचं जमलं बरं का! खासदार जे डिकी बंदूकवाल्यांच्या बाजूचे. १९९६ मध्ये त्यांनी बंदुकीच्या बळींवरच्या सरकारी संशोधनाचे २६ लाख डॉलर कापायला लावले. ते काम डॉ. मार्क रोझेनबर्ग यांच्या खात्याचं! पुढे मुलाबाळांविषयी बोलता बोलता दोघं मित्र झाले. २०१२ मध्ये त्यांनी मिळून लेख लिहिला: मोटारी बंद न करता संशोधनानं अपघाती मृत्यू कमी झाले, तसंच इथंही करा, हक्काला धक्का नको. सगळ्या देशाचं असं जमेल, असं काही मला वाटत नाही. संशोधनाला अडीच कोटी डॉलर मंजूर झाले २०१९च्या डिसेंबरात. डिकी मात्र २०१७ मध्येच वारले होते.