चावी बारटेंडरच्या खिशात!

ऑनलाइन बारटेंडिंग शिकलात? मस्त! म्हणजे शहापूरच्या फार्महाऊसवर या वीकेंडला शेकर तुमच्याच हातात. ३० एमएल स्मॉल, ६० लार्ज, हे पाठ झालंच असेल. आता खरा धडा. महाराष्ट्रात हार्ड लिकरसाठी वय २५ पूर्ण हवं, शिवाय परमिट. ग्रुपमधल्या बावीस वर्षांच्या ट्रेनीला व्होडका नाही म्हणजे नाही! दोन पेगनंतर कुणाला तरी रात्रीच मुरबाडमार्गे माळशेज गाठायची हुक्की येते. ‘मी ओके आहे यार!’ नसतो तो. कायद्यात मर्यादा १०० एमएल रक्तामागे ३० मिलिग्रॅम. कॉफीनं, लिंबूपाण्यानं नशा उतरत नाही, वेळच जावा लागतो. म्हणून पहिला पेग भरण्याआधीच चाव्या गोळा करा. शिव्या पडतील, पडू देत. सोमवारी सगळी गँग ऑफिसात दिसली, की समजा कोर्स पास!