दोन बेल आणि एक 'मी'

मुलांनो, गणिताचे सर एकेकाला उभं करत तुमच्या बाकापर्यंत आले आहेत. गृहपाठ तर झालेला नाही! आता आपला नंबर, असं म्हणेपर्यंत टण् टण् टण्... तास संपला. हुश्श! अशा वेळी इंग्रजीत म्हणतात, 'सेव्ह्ड बाय द बेल'. ही घंटा मात्र शाळेतली नाही बरं का, बॉक्सिंगच्या रिंगणातली आहे. ठोसा खाऊन खेळाडू पडला की पंच दहापर्यंत आकडे मोजतात. तेवढ्यात उठला नाही, तर तो हरला. पण आकडे पुरे होण्याआधी फेरी संपल्याची घंटा झाली, तर पूर्वी तो बचावायचा.

दुसऱ्या 'बेल'चं स्पेलिंग वेगळं : बी-ए-आय-एल. ही बेल म्हणजे जामीन. जामीन भरून एखाद्याला कोठडीतून सोडवणं म्हणजे त्याला 'बेल आउट' करणं. पुढे कुणालाही अडचणीतून सोडवण्यासाठी हाच शब्द रूढ झाला. २००८ साली अमेरिकेतल्या बड्या बँका डबघाईला आल्या. त्यांना सावरायला तिथल्या सरकारनं ७०० अब्ज डॉलरपर्यंतच्या मदतीचा कायदा केला. त्याला वर्तमानपत्रं 'बेलआउट'च म्हणू लागली.

आता खरी गंमत. विमान कोसळू लागलं आणि वैमानिकानं पॅराशूट घेऊन उडी मारली, तर तेही 'बेल आउट'! म्हणून जपून. 'ही बेल्ड मी आउट' म्हणजे त्यानं मला सोडवलं. 'ही बेल्ड आउट' म्हणजे तो स्वतःच निसटला. इंग्रजीतला 'मी' म्हणजे आपला 'मला'. तेवढा एक गळला, की सोडवणारा पळणारा होतो!

असा 'मी' माझ्याकडूनही एकदा गळला होता. सहावीत असताना माझ्या फटक्यानं शाळेची काच फुटली. मी भिंतीवरून उडी टाकून पसार! मित्र सापडला. माझं नाव न सांगता त्यानं छड्या खाल्ल्या. वर काचेचे पैसे आणायला त्यालाच सांगितलं. रात्रभर मला झोप नाही. सकाळी सरांपुढे जाऊन खरं ते सांगितलं. पैसे आमच्या घरून गेले. छड्या मात्र परत घेता आल्या नाहीत.

असं स्वतःपुरतं पाहणाऱ्याला इंग्रजीत म्हणतात, 'ही सेव्ह्ड हिज ओन स्किन'. आपल्याकडेही तो 'कातडीबचाऊ'च! दोन्ही भाषांना कातडीच आठवली, आहे की नाही मजा?

या आठवड्याचा गृहपाठ : 'बेल आउट' वापरून दोन वाक्यं करा. एकात मित्र मदतीला धावला पाहिजे, दुसऱ्यात पळाला पाहिजे. वही आई-बाबांना दाखवा आणि त्यांनाही विचारा, 'तुम्हाला शाळेत कुणी बेल आउट केलं होतं?' बघा, काय काय बाहेर येतं ते!